क्रोन्सची उसळी: कोल्हापुरी स्वयंपाकघरात पथ्य धरायचं कसं, सोडायचं कसं

क्रोन्सचं, म्हणजे आतड्याला वारंवार सूज आणणाऱ्या आजाराचं, निदान झालं की कोल्हापुरात पहिला सल्ला येतो, "तिखट बंद कर." दुसरा येतो, "म्हशीचं दूध पी, ताकद येईल." तिसरा बहुधा एखाद्या चूर्णाचा असतो. माणसं जीव लावून सांगतात, त्यामुळे त्यांचा शब्द मोडवतही नाही. पण आजाराची उसळी आल्यावर, म्हणजे शांत असलेली सूज पुन्हा पेटल्यावर, नेमकं काय खायचं, किती दिवस खायचं आणि पुन्हा भाकरी-कालवणावर कसं यायचं, हे कुणी नीट सांगत नाही. हा आजार मी बरीच वर्षं सांभाळते आहे. नव्याने या वाटेवर आलेल्यांसाठी हे लिहिते आहे. माझा आग्रह एकच आहे: पथ्य औषधाच्या जोडीला असावं, थोड्या दिवसांपुरतं असावं, आणि ते धरतानाच सोडायचं कधी हेही ठरवावं.

आजार थोडक्यात

आपल्याच प्रतिकारशक्तीचा मारा आतड्यावर होतो आणि तिथे सूज येते. ही सूज तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही येऊ शकते, पण सर्वाधिक वेळा ती लहान आतड्याच्या शेवटच्या भागात सापडते. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातले बरिल क्रोन आणि त्यांचे दोन सहकारी, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर, यांनी १९३२ मध्ये या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं, म्हणून हे नाव पडलं. सूज आतड्याच्या भिंतीच्या पूर्ण जाडीत उतरते. त्यामुळे काहींचं आतडं जागोजागी अरुंद होतं, काहींना फिश्चुला होतो, म्हणजे आतड्यापासून दुसऱ्या अवयवापर्यंत किंवा कातडीपर्यंत नळीसारखी वाट पडते. तिखट खाल्ल्याने क्रोन्स होत नाही. घरच्यांना हे एकदा स्पष्ट सांगून टाका, म्हणजे "तूच मिसळ खाऊन ओढवून घेतलंस" हे ऐकावं लागणार नाही.

आपल्या देशात आणखी एक अडचण आहे. आतड्याचा टीबीही नेमका याच जागी होतो आणि लक्षणंही तीच असतात: पोटदुखी, बारीक ताप, वजन उतरणं. बायोप्सी पाहूनही कधी कधी दोघांतला फरक कळत नाही, म्हणून बऱ्याच रुग्णांना आधी टीबीची औषधं देऊन पाहतात. क्रोन्सवरची काही औषधं, विशेषतः स्टिरॉइड आणि अँटी-टीएनएफ (प्रतिकारशक्तीचा मारा रोखणारी) इंजेक्शनं, दडलेला टीबी जागा करू शकतात. दुसऱ्या क्रोन्सच्या रुग्णाची चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जाऊ नका, ते यासाठी.

पथ्याआधी: दवाखाना कधी गाठायचा

पोट फुगून घट्ट झालंय, उलट्या होताहेत आणि शौच किंवा वारा दोन्ही सरत नाही, असं झालं तर आतड्यात अडथळा आलेला असू शकतो. तोंडाने काहीही न घेता थेट मोठ्या दवाखान्याचा तातडी विभाग गाठायचा, सीपीआर हे कोल्हापुरातलं सरकारी रुग्णालय असो वा जवळचं दुसरं कोणतंही. थंडी वाजून ताप, शौचातून भरपूर रक्त, असह्य आणि न थांबणारी पोटदुखी, गुदद्वाराजवळ दुखरी गाठ किंवा पू, लघवी जवळजवळ बंद होणं, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणं, यातलं काहीही झालं तरी पेज पिऊन वाट पाहत बसायचं नाही. गगनबावडा, आजरा, शाहूवाडीकडे राहणाऱ्यांनी रात्री गाडी कुणाची मिळेल हे आजच विचारून ठेवावं.

पहिली पायरी: ही खरंच उसळी आहे का?

प्रत्येक जुलाब म्हणजे उसळी नसते. पावसाळ्यात पंचगंगेला पूर आला की पाणी बिघडतं आणि धडधाकट माणसांचीही पोटं बिघडतात. कधी सूज शांत असते, पण आतडं नाजूक झाल्याने जड जेवणानंतर गॅस आणि कळा येतात. म्हणून एक साधी वही करा. दिवसातून किती वेळा शौचाला झालं, रात्री झोपेतून उठावं लागलं का, रक्त दिसलं का, कळ जेवणानंतर किती वेळाने आली, ताप किती, आणि आठवड्यातून एकदा वजन. रात्रीचं उठणं आणि वजनाची घट या दोन नोंदी डॉक्टरांना फार उपयोगी पडतात.

वही दोन-तीन दिवस सलग बिघाड दाखवत असेल तर डॉक्टरांना फोन करा. ते बहुधा रक्तातलं सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारं प्रथिन), हिमोग्लोबिन आणि शौचातलं कॅलप्रोटेक्टिन तपासायला सांगतील, शिवाय जंतुसंसर्ग आहे का तेही पाहतील. आतड्याला सूज असली की कॅलप्रोटेक्टिन वाढतं. संसर्गातही ते वाढतं, म्हणून दोन्ही तपासण्या जोडीने पाहाव्या लागतात.

दुसरी पायरी: डॉक्टरांना एक प्रश्न विचारा

"माझं आतडं कुठे अरुंद झालंय का?" पुढचं सगळं पथ्य या उत्तरावर ठरतं. अरुंद असेल तर चोथा, साल, बिया, अख्खे दाणे तिथे अडकू शकतात आणि ते काटेकोरपणे टाळावे लागतात. अरुंद नसेल, तर चोथा कमी करणं हे फक्त उसळीच्या दिवसांत पोटाला आराम मिळावा म्हणून असतं. सूज उतरल्यावर भाज्या-फळं परत यायलाच हवीत. माझ्या पाहण्यात असे लोक आहेत ज्यांचं आतडं अरुंद नव्हतं, तरी ते वर्षानुवर्षं फक्त वरणभातावर राहिले आणि खंगत गेले. मला याचं फार वाईट वाटतं, कारण एका प्रश्नाने ते टळलं असतं.

तिसरी पायरी: पहिले एक-दोन दिवस, पाणी आणि मीठ

जुलाब जोरात असतील तर अन्नाआधी पाणी सांभाळा. ओआरएसचं पाकीट घ्या आणि त्यावर लिहिलेलं नीट वाचा. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, छोटं २०० मिलिलिटरसाठी, आणि यात गफलत झाली की मिठाचं प्रमाण बिघडतं. टेट्रापॅकमधली फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएसच्या जागी चालत नाहीत. पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेला असावा. पाकीट मिळालं नाही तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. घोट घोट, दिवसभर. उसाचा रस, कोल्ड्रिंक, कडक चहा यांनी जुलाब वाढतात. गुऱ्हाळावरचा रस कितीही ताजा असला तरी या दिवसांत नको.

चौथी पायरी: मऊ अन्न

इथे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या जे आजाऱ्याला देत आले आहेत तेच उपयोगी पडतं, फक्त थोडा बदल करून.

पाया तांदळाचा. पॉलिश केलेल्या तांदळाचा मऊ भात किंवा पेज, वर चिमूटभर मीठ आणि अर्धा चमचा तूप. आजऱ्याचा घनसाळ घरी असेल तर त्याची पेज सुरेख होते, आणि नुसत्या वासानेही चार घास जास्त जातात, जे उसळीत सोपं नसतं. ज्वारीची भाकरी काही दिवस बाजूला ठेवा, तिच्यात चोथा जास्त. भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नसेल तर तांदळाची पातळ भाकरी करा. साबुदाण्याची पेज चालते. साबुदाण्याची खिचडी नको, कारण तिच्यात शेंगदाण्याचं कूट आणि मिरची असते.

नाचणीबाबत गोंधळ होतो. अख्ख्या नाचणीच्या पिठाच्या आंबिलीत कोंडा असतो. नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून केलेलं सत्व मात्र बऱ्याच जणांना सोसतं. घरी सत्व करणारी आजी असेल तर तिची मदत घ्या.

डाळींत सुरुवात मुगाच्या सालरहित डाळीपासून. ती भरपूर शिजवून, घोटून, हळद-मीठ घालून पातळ करा. मटकी, वाटाणा, हरभरा, चवळी, राजमा सध्या बंद. मोडाची मटकी एरवी उत्तम, पण तिची सालं आणि त्यातून होणारा गॅस सुजलेल्या आतड्याला झेपत नाही.

भाज्यांत दुधी, दोडका, पडवळ, लाल भोपळा, गाजर, बटाटा. साल काढायची, बिया काढायच्या, बोटाने चेपेल इतकं शिजवायचं. दोडक्याच्या शिरा टाकून द्या; त्यांची चटणी घरातल्या इतरांना करून घाला. कोबी, फ्लॉवर, गवार, कच्ची कोशिंबीर, मक्याचं कणीस नको. फळांत पिकलेलं केळं, साल काढून वाफवलेलं सफरचंद, सोसत असेल तर थोडी पपई. पेरू, सीताफळ, डाळिंब, अंजीर यांतल्या बियांमुळे ती या दिवसांत टाळलेलीच बरी.

आता कांदा-लसूण, म्हणजे कोल्हापुरी स्वयंपाकाचा जीव. या दोन्हींत फ्रक्टॅन नावाची साखरेची साखळी असते. ती लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यातले जिवाणू तिच्यापासून वायू करतात. सूज यामुळे वाढते असं नाही, पण फुगारा आणि कळा वाढतात. फ्रक्टॅन पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही. म्हणून लसणाच्या पाकळ्या तेलात हलक्या परतायच्या, वास उतरला की काढून टाकायच्या आणि त्या तेलात जिरं घालून फोडणी करायची. चव राहते, त्रास टळतो. रश्श्यात किंवा वरणात लसूण उकळून मग बाहेर काढला तर उपयोग नाही, तोवर फ्रक्टॅन पाण्यात आलेलं असतं. आलं, हळद, जिरं, कढीपत्त्याची फोडणी, थोडी कोथिंबीर, कोकम यांवर काही दिवस निभावून नेता येतं.

दुधाबद्दल वाद होतोच. आपल्याकडे बऱ्याच मोठ्या माणसांना दुधातली साखर, लॅक्टोज, नीट पचत नाही, आणि लहान आतड्याला सूज असताना तर आणखी कमी. म्हशीच्या दुधात स्निग्धांशही भरपूर. उसळीत दूध थांबवून पाहा. दह्यात लॅक्टोज कमी असल्याने घरी लावलेलं ताजं दही किंवा पातळ ताक अनेकांना चालतं. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर काढून देतात ते धारोष्ण दूध मात्र प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असेपर्यंत अजिबात नको, उसळी असो वा नसो. न तापवलेल्या दुधातून टीबीसह अनेक जंतू येऊ शकतात.

पाचवी पायरी: ताकद कुठून आणायची

पेज आणि वरणाचं पाणी पोट शांत करतं, पण तेवढ्यावर राहिलं तर अंगातलं मांस झडतं. सूज असताना शरीराला प्रथिनं नेहमीपेक्षा जास्त लागतात: वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम. पन्नास किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात, वाटीभर घट्ट वरणातही साधारण तेवढीच. हिशेब केला की लक्षात येतं, नुसत्या मऊ भातावर हे जमणारच नाही.

मांसाहार करणाऱ्यांसाठी आपल्याकडे तयार उत्तर आहे, अळणी. तांबडा-पांढरा करायच्या आधी मटण शिजवलेलं जे पाणी असतं ते. आजाऱ्यासाठी ते वेगळं करा: कांदा-लसूण न घालता, आलं, हळद, मीठ एवढ्यावर, आणि गार झाल्यावर वरचा चरबीचा थर काढून. एक सांगते, नुसत्या अळणी पाण्यात प्रथिनं फार नसतात, ती मांसात असतात. म्हणून मऊ शिजवलेलं चिकन तंतू सोडवून भातात कालवा, किंवा काटे काढलेला वाफवलेला मासा द्या. पांढऱ्या रश्श्यात तिखट कमी म्हणून तो चालेल असं वाटतं, पण त्यात नारळाचं दूध, काजू, खसखस यांचं वाटण असतं, त्यामुळे तो जड जातो. शाकाहारी घरांत अंडं चालत नसेल तर मुगाची डाळ, सोसेल तेवढं दही आणि आहारतज्ज्ञाने सांगितलेलं पोषण-पेय.

तीन मोठ्या जेवणांपेक्षा पाच-सहा लहान जेवणं करा. आणि घरच्यांना एक विनंती: आजारी घरातली सून किंवा आई असेल तर तिच्यासाठी वेगळं शिजवणं हे तिच्यावरच सोडू नका. ती सगळ्यांचं करून उरलेल्या झणझणीत कालवणात भात कालवून खाईल आणि पथ्य पाळतेय असं सांगेल. सकाळी कुकरमध्ये एक डबा जास्त लावणं कुणालाही जमतं.

औषधं, आणि मेडिकलमधली गोळी

बरं वाटलं म्हणून स्टिरॉइड एकदम थांबवू नका. ते हळूहळू उतरवावं लागतं, कारण तोवर शरीराने स्वतःचं संप्रेरक बनवणं कमी केलेलं असतं. स्टिरॉइड चालू असताना भूक खवळते, अंगावर पाणी धरतं, रक्तातली साखर वाढू शकते. म्हणून लोणचं, पापड, खर्डा, गुळाचे खडे यांच्याकडे हात जाणार हे धरूनच ते नजरेआड ठेवा. अझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी दिली असेल तर रक्ताची तपासणी चुकवू नका. भारतीयांत काहींच्या जनुकांमुळे या गोळीने पांढऱ्या पेशी झपाट्याने उतरतात.

सांधे दुखणं हा या आजाराचाच भाग असतो. त्यावर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी घेतली तर आतड्याला इजा होऊन उसळी वाढू शकते. पॅरासिटामॉलबद्दल डॉक्टरांना विचारा. "पोट साफ होऊ दे" म्हणून सोनामुखीचं चूर्ण किंवा एरंडेल या दिवसांत घेऊ नका. विडी-सिगारेट सोडणं हे क्रोन्समध्ये कोणत्याही पथ्यापेक्षा मोलाचं आहे. धूम्रपानाने उसळ्या वाढतात आणि शस्त्रक्रियेची वेळ लवकर येते. बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व वर्षातून किमान एकदा तपासून घ्या. बी-१२ शोषलं जातं ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागातच, आणि क्रोन्सचं आवडतं ठिकाण तेच.

ठरीव आहार-पद्धतींबद्दल

फक्त द्रव पोषण-पेयावर सहा ते आठ आठवडे ठेवणं हा मुलांमधल्या क्रोन्सवरचा मान्य उपचार आहे, त्याने स्टिरॉइडशिवाय सूज उतरू शकते. २०१९ मध्ये क्रोन्स डिसीज एक्स्क्लूजन डाएट या पद्धतीचा मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीत रोज चिकन, अंडी, शिजवून गार केलेला बटाटा, केळं, सफरचंद आणि जोडीला पोषण-पेय असतं. गहू, दूध आणि पाकिटबंद पदार्थ वगळतात. सौम्य ते मध्यम आजारात तिचा उपयोग दिसला. पण हे उपचार आहेत, मोबाईलवर यादी पाहून घरी सुरू करायचे प्रयोग नाहीत. मुलांची तर वाढच यावर अवलंबून असते. त्यांच्या ताटातला एकही पदार्थ डॉक्टर-आहारतज्ज्ञांना न विचारता कायमचा काढू नका.

सहावी पायरी: पथ्य सोडणं

हीच पायरी बहुतेक जण गाळतात. दुखण्याची भीती इतकी बसते की एकदा काढलेला पदार्थ परत येतच नाही. शौच ताळ्यावर आलं, रात्रीचं उठणं थांबलं, डॉक्टरांनीही सूज उतरतेय म्हटलं, की त्याच आठवड्यात परतीचा प्रवास सुरू करा.

एका वेळी एकच पदार्थ, थोडा, आणि मग तीन दिवस वही पाहायची. आधी अर्धी चपाती. मग तूरडाळ. मग चाकवत किंवा पालक, शिजवून घोटून. मग ज्वारीची भाकरी, पाव भाकरीपासून, वरणात कुस्करून. दूध आटोपशीर, चहापुरतं. शिजवलेला कांदा त्यानंतर, कच्चा त्याच्याही नंतर. एखादा पदार्थ बाधला तर त्यावर कायमची फुली मारू नका. महिन्याभराने पुन्हा चमचाभर घेऊन पाहा. माझ्या वहीत दोनदा बाधलेली गाजराची कच्ची कोशिंबीर तिसऱ्यांदा निमूट पचली. आतडं अरुंद असलेल्यांनी चोथ्याच्या पदार्थांचा हा क्रम डॉक्टरांना दाखवूनच घ्यावा.

तिखट शेवटी. कांदा-लसूण मसाल्याऐवजी आधी नुसती ब्याडगी वापरा, तिला रंग जास्त आणि तिखटपणा कमी. मग मसाला, चिमटीने. मिसळीचा विचार कराल तेव्हा कट घरी करा, फरसाण वगळा, मटकी सोलून घ्या आणि पाव निम्मा. हॉटेलातल्या तर्रीत तेल किती आणि कोणतं हे तुमच्या हातात नसतं.

जत्रा, लग्न आणि आग्रह

आषाढात त्र्यंबोलीची जत्रा आली की गल्लोगल्ली मटण शिजतं, आणि "थोडं तरी घे" म्हणणाऱ्यांपुढे टिकणं अवघड असतं. आदल्या दिवशीच यजमान घरातल्या वहिनी-काकूंना फोन करा: "मसाला घालायच्या आधी माझ्यासाठी वाटीभर अळणी आणि दोन मऊ फोडी बाजूला काढा." नाही म्हणण्यापेक्षा हे सोपं जातं, आणि यजमानालाही आपण काहीतरी वाढल्याचं समाधान मिळतं. लग्नाला जाताना घरून मऊ भात खाऊन जा, पंगतीत बसून साधा भात-वरण घ्या. नवरात्राचे उपवास उसळी चालू असेल तर करू नका. अंबाबाईचं दर्शन पोटभर जेवूनही घेता येतं. लांबच्या गाडीप्रवासात जास्तीचे कपडे, ओल्या पुसण्या, ओआरएसची पाकिटं आणि औषधांची चिठ्ठी एका पिशवीत ठेवा, आणि ती पिशवी डिकीत न टाकता पायाशी घ्या.